दिवस जातात ते नेमके केव्हा?

गेल्या आषाढात आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या आणि आम्ही गट ऑफिसात बसलो होतो. नोंदीसाठी आलेले एक सभासद नोंद झाली तरी उठेनात. चहा झाला, पावसाचे बोलणे झाले, कॅनॉलच्या आवर्तनाचे झाले. शेतकी मदतनीस कशासाठी तरी बाहेर गेला, तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, तुमच्या अंकात माती परीक्षणाचं येतं, हुमणीचं येतं, खोडकिडीचं येतं. एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"घरात दिवस गेल्यात. तिसरं. आम्हांला नको होतं. पयली दोन्ही पोट फाडूनच झाली. डॉक्टरीणबाई म्हनल्या हुत्या, आता जपा. तर जपलं की हो आम्ही. पाळी आल्यापासनं दहावा ते अठरावा, मधलं सगळं दिवस म्या माडीवर झोपलो. कॅलेंडरवर खुणा हायेत. मग ह्ये झालं कसं?"

हुमणीला काय घालावे हे आम्ही झोपेतून उठवले तरी सांगू. पण या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचे स्वतःचे लग्न होऊन पंचवीस वर्षे झाली, तीन मुले झाली, आणि तरीही दिवस नेमके कधी आणि कसे जातात हे आम्हांला धड सांगता येईना. मग आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना गाठले, चार पुस्तके चाळली, आणि हा लेख लिहून त्यांच्याकडून तपासून घेतला.

कारखान्याच्या पत्रिकेत असले विषय कशाला, असे काही ज्येष्ठ सभासद म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो की, र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यापायी त्यांनी नोकरी गमावली, कोर्टकचेऱ्या सोसल्या. शंभर वर्षांनंतर आपण निदान लाजू तरी नये. अंक घरी नेल्यावर कपाटात ठेवू नका, घरातल्या मंडळींनाही वाचू द्या. निम्मा विषय त्यांचा आहे.

बी एकाचे आणि जमीन दुसरीची?

आपल्याकडे जुना समज असा की, पुरुषाचे बी आणि बाई म्हणजे जमीन. बी पडले की उगवणार, जमिनीने फक्त पोसायचे. हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि तो डोक्यात असला की पुढचे काहीच कळत नाही.

आपण उसाचे बेणे लावतो. एका डोळ्यातून कोंब येतो आणि तो ऊस हुबेहूब आईसारखा असतो. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. माणसाचे तसे नाही. माणसाचे चालते ते कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रातल्यासारखे. तिथे उसाला तुरा आणतात आणि एका जातीचा पराग दुसरीच्या तुऱ्यावर धरतात. आपल्या शिवारात जो को ८६०३२ उभा आहे तो को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोघांचा. अर्धा वाटा इकडचा, अर्धा तिकडचा. मूलही तसेच. अर्धे बी आईचे, अर्धे बापाचे. आईच्या बीला स्त्रीबीज म्हणतात, बापाच्या बीला शुक्रजंतू. दोन्ही एकत्र आली तरच गर्भ, एरवी नाही.

(मुलगा की मुलगी, हे मात्र बापाच्या शुक्रजंतूवर ठरते. स्त्रीबीजात नेहमी एक्स हेच गुणसूत्र असते. शुक्रजंतू एक्सवाला आला तर मुलगी, वायवाला आला तर मुलगा. तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी आपल्या चिरंजीवांकडे बघावे. आणि पोटात काय आहे हे तपासून घेणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

आता या दोन बियांचा स्वभाव पाहा, कारण सगळी गोम तिथेच आहे. शुक्रजंतू पुरुषाच्या अंगात वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत रोज तयार होत असतात. एक तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, पण घाणा सतत चालू असतो. एका संबंधात कोट्यवधी शुक्रजंतू बाहेर पडतात. स्त्रीचे उलटे. मुलगी जन्माला येते तीच आपल्या बीजकोशात दहा-वीस लाख अपुरी बीजे घेऊन. त्यांत नवी भर पडत नाही. वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात, आणि त्यांतली सगळ्या आयुष्यात जेमतेम चारशे पिकून बाहेर पडतात. महिन्याला एक, कधी तरी दोन.

ओटीपोटात गर्भाशय असते, आपण पिशवी म्हणतो ते. पिशवीच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक नळी आणि नळीच्या टोकाशी एकेक बीजकोश. बीजकोशातून पिकलेले बीज सुटले की नळी ते टिपून घेते. इथपासून त्या बीजाचे आयुष्य बारा ते चोवीस तास. एक दिवस म्हणा. तेवढ्यात शुक्रजंतू भेटला तर ठीक, नाही तर ते विरून जाते.

मग एका दिवसाचाच धोका असेल तर एवढी चिंता कशाला? चिंता शुक्रजंतूंची आहे. संबंधानंतर ते पिशवीच्या तोंडातून वर चढतात, पिशवी ओलांडतात, नळीपर्यंत जातात. कोटींमधले बहुतेक वाटेतच मरतात, नळीत पोचतात ते काहीशे. पण बीज सुटायच्या सुमारास पिशवीच्या तोंडाशी पातळ, बुळबुळीत पाझर असतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, दोन बोटांत धरला तर तार निघावी असा. त्या ओलीवर शुक्रजंतू तीन दिवस सहज, आणि कधी कधी पाच दिवसांपर्यंत जगतात. वाट बघत बसतात. जमिनीला वाफसा आला की जसे बी जगते, तसे. एरवी हाच पाझर घट्ट आणि कोरडा असतो, आणि त्यात ते काही तासांत मरतात.

म्हणजे सोमवारी जवळीक झाली आणि बीज शुक्रवारी सुटले, तरी दिवस जाऊ शकतात. संबंधाचा दिवस आणि गर्भ धरण्याचा दिवस एकच असतो असे नाही, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात २२१ स्त्रियांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. ज्या संबंधातून गर्भ राहिला तो प्रत्येक वेळी सहा दिवसांच्या आतला निघाला: बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा एक. दुसऱ्या दिवसापासून काही नाही.

बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडते ती पिशवीत नव्हे, नळीत. एक शुक्रजंतू आत शिरला की बीजाचे कवच बाकीच्यांना बंद होते. मग एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत तो जीव हळूहळू नळीतून खाली सरकतो, तीन-चार दिवसांनी पिशवीत उतरतो, आणि बीज सुटल्यापासून सहा ते दहा दिवसांनी पिशवीच्या अस्तरात रुजतो. रुजला की आईच्या रक्तात आणि लघवीत एक द्रव्य येऊ लागते, आणि त्यावरच लघवीची तपासणी चालते. रुजला नाही तर अस्तर गळून पडते. तीच पाळी.

दिवस मोजण्यातली चूक

आता त्या सभासदांकडे येऊ. दहावा ते अठरावा हे दिवस त्यांनी आणले कोठून? मोबाईलवर कोणीतरी दाखवले. पाळी अठ्ठावीस दिवसांची, बीज चौदाव्या दिवशी, म्हणून मधले दिवस टाळा. शाळेच्या पुस्तकातही असेच चित्र असते. चूक कोठे आहे?

चूक अशी की चौदा दिवस मागून मोजायचे असतात, पुढून नव्हे. बीज सुटते ते मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नाही. बीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पुढची पाळी येते. हे शोधून काढले जपानच्या निगाता शहरातले डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी. पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी ते बायकांचे बीजकोश न्याहाळत आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहत. १९२४ साली त्यांनी मांडले की, बीज पुढच्या पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवसांत सुटते. पुढे ऑस्ट्रियाचे डॉक्टर हेर्मान क्नाउस यांनीही तसेच सांगितले. त्याआधीची गंमत म्हणजे, मोठमोठे युरोपी डॉक्टरसुद्धा पाळीच्या लगतचे दिवस गर्भ धरण्याचे आणि मधले दिवस सुरक्षित असे सांगत होते. बरोबर उलटे! त्यांचे ऐकून किती पाळणे हलले असतील कोण जाणे.

आता हिशेब करू. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज चौदाव्याच्या आसपास. चोवीस दिवसांची असेल तर दहाव्याच्या आसपास, म्हणजे पाचव्या दिवसापासून धोका. काही जणींचा त्या वेळी विटाळ पुरता थांबलेलाही नसतो. आणि पाळी छत्तीस दिवसांनी येणार असेल तर बीज बाविसाव्याच्या आसपास, धोका सतराव्यापासून. आमच्या सभासदांचे जुने कॅलेंडर आम्ही नंतर मागवून घेतले. मंडळींच्या पाळ्या एकोणतीस, पस्तीस, एकतीस, सदतीस अशा दिवसांनी आलेल्या. बिचारे अठराव्या दिवसापर्यंत माडीवर झोपले आणि एकोणिसाव्याला खाली उतरले. नेमके चुकीच्या दिवशी. दोष त्यांच्या निग्रहाचा नव्हता, हिशेबाचा होता.

"मग पुढची पाळी कधी येणार ते आधीच कसं कळायचं?" असे त्यांनी विचारले, आणि खरा अडका तोच आहे. कळत नाही. पाटबंधारे खाते आवर्तनाची तारीख देते, आपण पाट साफ करून बसतो, आणि पाणी येते आठ दिवस उशिरा. ताप, काळजी, घरातले दुखणे, प्रवास, उपासतापास, बाळंतपणानंतरचा काळ, चाळिशीनंतरचे वय, कशानेही बीज मागेपुढे होते. नॉर्थ कॅरोलायनाच्याच पाहणीचा आणखी एक निष्कर्ष २००० साली आला. ज्यांचे धोक्याचे दिवस दहाव्या ते सतराव्याच्या आतच पडले अशा स्त्रिया शंभरात फक्त तीस. बाकी सत्तर जणींचे दिवस अलीकडे किंवा पलीकडे सांडलेले. स्वतः ओगिनो आपल्या शोधाचा वापर मूल टाळण्यासाठी करावा या मताचे नव्हते. मूल हवे असणाऱ्यांसाठी तो उपयोगी आहे, असे ते म्हणत.

तरीही ज्यांना दिवस पाळूनच जायचे आहे त्यांनी निदान नीट पाळावेत. पाळी दर वेळी सव्वीस ते बत्तीस दिवसांच्या आतच येत असेल तर आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत, बारा दिवस, दूर राहावे किंवा निरोध वापरावा. वर्षात दोनदा जरी पाळी या हद्दीबाहेर गेली तरी ही पद्धत सोडून द्यावी. एवढे करूनही वर्षभरात शंभरातल्या बारा जोडप्यांना दिवस जातात, कारण माणसे सगळे दिवस पाळत नाहीत. काही न करणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षभरात पंच्याऐंशी जणींना दिवस जातात, त्यामानाने हे बरे. पण तिसरे सिझेरियन टाळायचे असेल त्याने बारा हा आकडा लहान समजू नये.

ऐकीव गोष्टी

डॉक्टरीणबाईंनी आम्हांला त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडच्या गोष्टी सांगितल्या. "पहिल्या खेपेला दिवस जात नाहीत." जातात. बीज तयार असेल तर पहिली आणि शंभरावी खेप सारखीच. "लगेच उठून धुतले की झाले." नाही. शुक्रजंतू काही मिनिटांतच पिशवीच्या तोंडात शिरतात, तिथे पाणी पोचत नाही, आणि लघवीची वाटच वेगळी असते. "बाईला सुख वाटले नाही तर राहत नाही." याचा काडीचा संबंध नाही. आणि या समजापायी बळजबरी झालेल्या बाईवर संशय घेतला जातो, तो वेगळाच अन्याय. "उभ्याने, बसून राहत नाही." राहते.

"मालक आवरतं घेतात," असे सांगणाऱ्या पुष्कळ. म्हणजे वीर्य बाहेर टाकायचे. वर्षभरात अशा शंभरातल्या वीस जणींना दिवस जातात. वेळेवर आवरणे प्रत्येकदा जमत नाही, आणि आधी येणाऱ्या थेंबातही कधी कधी शुक्रजंतू असतात.

"आता चाळिशी झाली, आता कसली भीती?" ही भीती पाळी पुरती थांबून वर्ष होईपर्यंत असतेच. चाळिशीनंतर बीजे कमी होतात खरी, पण पाळी अनियमित झाल्याने हिशेब पार बिघडतो. लेकीच्या बाळंतपणाच्या आधी आईलाच दिवस गेलेले आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

सर्वांत जास्त फसगत होते ती अंगावर पाजण्याच्या काळात. अंगावर पीत असेल तोवर दिवस जात नाहीत, हे आपल्या आज्या सांगत आल्या, आणि त्यात तथ्य आहे. मूल चोखते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि बीज पिकणे थांबते. पण तीन अटी आहेत. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे. ते रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत हवे, वरचे दूध, पाणी, पेज काही नाही. आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही अटी पुऱ्या असतील तर भरवसा चांगला आहे, शंभरात दोघींना जेमतेम दिवस जातात. एक अट सुटली की भरवसा संपला. आणि इथे आणखी एक मेख. बाळंतपणानंतर पहिले बीज सुटते ते पहिल्या पाळीच्या आधी. पाळीची वाट पाहत बसाल तर पाळी यायच्या ऐवजी मळमळ येईल. शिवारात पाठोपाठची दोन भावंडे दिसतात, त्यांतली बरीच याच वाटेने आलेली.

वाट कोठे अडवायची

एकदा ही वाट डोळ्यांपुढे आली की साधनांचे कोडे उरत नाही. प्रत्येक साधन वाटेवर कोठे तरी बांध घालते.

निरोध शुक्रजंतूंना आतच येऊ देत नाही. सरकारने तो १९६८ मध्ये स्वस्तात आणला तेव्हापासून नाव घराघरांत आहे, वापर मात्र त्या मानाने नाही. प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून आणि नवा वापरला तरच उपयोग. सर्वसाधारण वापरात वर्षाला शंभरात तेरा चुका होतात. गुप्तरोगापासूनही रक्षण करणारे साधन हे एवढेच.

माला-एनच्या गोळ्या बीज पिकूच देत नाहीत आणि पिशवीच्या तोंडाचा पाझर घट्ट ठेवतात. रोज एक, ठरल्या वेळी. विसरलात तर बीज सुटायला मोकळे. विसराळूपणा धरून शंभरात सात चुका. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, पस्तिशीनंतर तंबाखू ओढणाऱ्या आहेत, किंवा मूल अजून लहान असून अंगावर पीत आहे, त्यांनी या गोळ्या विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली छाया नावाची गोळी वेगळी. ती बीज थांबवत नाही, गर्भ रुजू देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणारीलाही चालते.

अंतरा हे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. तेही बीज अडवते. पाळी अनियमित होते किंवा बंद होते, त्याने घाबरू नये, विटाळ आत साठत नाही. सोडल्यानंतर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे मात्र आधी माहीत असावे.

तांबीबद्दल जेवढ्या वावड्या उठल्या तेवढ्या कशाबद्दलच नाहीत. ती काळजात चढते म्हणे! पिशवीला वरून काळजाकडे वाटच नाही. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, एवढेच तिचे काम. पाच वर्षांची मिळते, दहा वर्षांची मिळते, काढली की पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. वर्षाला शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. पहिले काही महिने विटाळ जास्त जातो आणि पोटात दुखते, हे खरे. बाळंतपण झाल्या झाल्या दवाखान्यातच बसवता येते, आणि दोन मुलांत अंतर हवे असणाऱ्यांना आम्ही तरी हीच सुचवू.

मुले पुरी झाली असतील तर ऑपरेशन. बाईच्या ऑपरेशनात नळ्या बंद करतात, बीज आणि शुक्रजंतू भेटतच नाहीत. पुरुषाच्या ऑपरेशनात शुक्रजंतूंची नळी बंद करतात. बाईचे पोटातले, पुरुषाचे कातडीखालचे. आता बिनटाक्याचे निघाले आहे, दहा-पंधरा मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. वीर्य पूर्वीसारखेच येते, त्यात फक्त शुक्रजंतू नसतात. जोर जातो, नांगर धरवत नाही, मर्दानगी जाते, हे सारे खोटे. हार्मोन रक्तातून जाते, त्या नळीतून नव्हे. आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस जणींनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतलेले आढळले, आणि नवऱ्याचे झालेले शंभरात एकही नाही, हजारात तीन.

हे असे का, याचे एक कारण आमच्या पिढीला आठवते. १९७६ सालची धरपकड. लोकांना गाड्यांत घालून नेले, कोटे ठरवून दिले, सक्तीचा कायदाही राज्याच्या विधिमंडळात मंजूर झाला होता, पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो आला नाही. तो धसका बसला तो बसलाच. पण सक्ती वाईट होती म्हणून शस्त्रक्रिया वाईट ठरत नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या भीतीचा हप्ता आजही बायकांनीच का भरावा, याचे उत्तर आम्हांला देता येत नाही.

एक गोष्ट पुरुषांनी विसरू नये. नसबंदी झाली त्या दिवसापासून भीती गेली असे नाही. नळीच्या पुढच्या भागात शुक्रजंतू शिल्लक असतात. तीन महिने दुसरे साधन वापरायचे, मग वीर्य तपासून घ्यायचे, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की मोकळे. हे न सांगितल्याने किंवा न ऐकल्याने घरात संशयकल्लोळ झालेले आहेत.

पिशवी काढणे हा उपाय नव्हे

आपला ऊस तोडायला ज्या बाया येतात त्यांच्याबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांची माहिती घेतली. त्यांत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, विटाळाचा त्रास नको, पुन्हा दिवस जायला नकोत, म्हणून तिशीच्या आत-बाहेरच्या बायांची पिशवी काढली गेली. कोयत्यामागे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपण त्या उसाचे मालक आहोत.

दिवस जाऊ नयेत एवढ्यासाठी नळ्या बंद करणे किंवा तांबी पुरे होते. पिशवी काढणे हे मोठे ऑपरेशन आहे, आणि सोबत बीजकोश काढले तर तिशीतच म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात. अंगावर पांढरे जाते म्हणून कॅन्सरची भीती घालून कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी, दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. कोप्यांवर आशाताई येतात तेव्हा त्यांना वाट दाखवणे, अंतराचे कार्ड असलेल्या बाईला इंजेक्शनच्या तारखेला अर्धा दिवस मोकळा देणे, एवढे तर ज्याच्या फडात टोळी आहे त्या सभासदाला करता येईल.

चूक होऊन गेली तर

निरोध फाटला, गोळी विसरली, तर बहात्तर तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणे लांबणीवर टाकते. बीज आधीच सुटले असेल तर उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दर महिन्याला घ्यायचे हे औषध नव्हे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती अधिक भरवशाची.

पाळी चुकली की वाट बघत बसू नये. आशाताईंकडे निश्चय नावाचा तपासणी संच फुकट मिळतो. दिवस गेलेले असतील आणि नको असतील तर १९७१ च्या कायद्याने गर्भपात करून घेता येतो. साधन चुकल्याने राहिलेला गर्भ हे कारण कायद्यात आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेतलेल्या बाया रक्तस्रावाने बेशुद्ध होऊन आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाहिल्या आहेत.

त्या सभासदांच्या घरी काय ठरले, ते आम्ही विचारले नाही आणि लिहिणारही नाही. कार्तिकात तोडणीचा कार्यक्रम विचारायला ते पुन्हा गट ऑफिसात आले. मदतनीस समोरच बसला होता, तरी या वेळी त्यांनी खुर्ची पुढे ओढली नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, माझं बिनटाक्याचं झालं, दिवाळीच्या आधी. तीन महिनं झाल्यावर ती तपासायची बाटली इथल्या दवाखान्यात देऊ, का तालुक्यालाच जाया लागंल?"

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, असे आम्ही त्यांना सांगितले. मदतनीसाने मान वर करून पत्ता विचारून घेतला.